पिंडाजवळची मिसरी

बायकोच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नदीकाठच्या बाभळीवर कावळे बसलेले दिसत होते, पण एकही खाली उतरेना. माणसं उन्हात ताटकळली. आमच्याकडं अशा वेळी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी पिंडाजवळ ठेवतात. चहा ठेवला, भजी ठेवली. मग माझी भावजय म्हणाली, "मिसरी ठेवा की. त्याबिगर तिचा जीव कुठं ऱ्हायचा?"

माझ्या डोक्यात जाळच झाला.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. बारीक करायची आणि बोटानं दातांना घासायची. नवी नवरी असताना हिची दाढ दुखत होती, कुणीतरी लाव म्हणालं. दाढ गेली, मिसरी राहिली. सकाळी लावल्याशिवाय हिला परसाकडला व्हायचं नाही. उसात खुरपायला गेली आणि डबी घरी राहिली, की डोकं धरून बांधावर बसायची, माझ्यावर खेकसायची. मग गालात आतून पांढरा चट्टा आला. तोंड उघडेना. भाकरी दुधात कुस्करून बोटानं आत सारायची. नगरच्या डॉक्टरानं तोंडात बॅटरी मारली आणि पहिलंच विचारलं, "मिसरी लावता का?" गाल कापला, तरी कॅन्सर गळ्यात उतरलाच. शेवटी पाजलेलं पाणी गालातनं बाहेर यायचं.

आणि आता तीच मिसरी पिंडाजवळ!

तेवढ्यात गावातला दुकानदार पुढं आला. ही मिसरी त्याच्याकडनंच घ्यायची. त्याला राखीही बांधायची, म्हणून तो मला दाजी म्हणतो. त्यानं खिशातनं पुडी काढली. "सरा दाजी. ताईसाठी मुद्दाम आनलीय."

मी त्याचं मनगट धरलं. "आधी तू लाव."

"मला न्हाई सोसत. गरगरतं."

"आन् तुझ्या बायकोला?"

"आमच्या घरात कुनीच लावत न्हाई, दाजी."

"म्हंजे राखी बांधनारीलाच तेवढी व्हय रं?"

पुडी हिसकली, फोडली, नदीत उधळली. वाऱ्यानं निम्मी त्याच्याच तोंडावर गेली. ठसका लागून पार दुमडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

लोक पिंडापुढं हात जोडून शब्द देतात, लेकरांना सांभाळू म्हणतात. मी मोठ्यानं म्हणालो, "तुझ्या भावाला सोडत न्हाई." तरी कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

शब्द दिलाय, म्हणून रोज सकाळी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. कुणी बाई मिसरी मागायला आली, की आपल्या गालावर बोट ठेवून सांगतो, "हितनं पानी गळायचं तिचं." काही शिव्या देऊन घेऊन जातात. काही तशाच माघारी फिरतात. तेव्हा त्याचं तोंड बघायला मी वळून बसतो.

काल हात जोडून म्हणाला, "दाजी, लई झालं. घरी जावा की आता."

म्हणालो, "घरी कुनाला ठेवलंयस व्हय?"