फोटोखालची ओळ

ऑफिसात त्यांना सगळे दुरुस्तीकाका म्हणत. नळ गळला की बोलवावं असं नाव, पण काका दुरुस्त करायचे ते वर्तमानपत्र. कुणाचं वय चुकलं, मेलेल्याच्या जागी त्याच्या धडधाकट भावाचा फोटो लागला, की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर खाली डावीकडे काकांची चौकट हजर: 'नजरचुकीने असे घडले, दिलगीर आहोत.' चौकट काडेपेटीएवढी, पण काकांचा ताठा कपाटाएवढा. चूक केलेला बातमीदार समोर आला, की चष्म्यावरून बघत नाकातून सूर लागायचा, "या महाराज! तुम्ही लिहायचं आणि आम्ही दिलगीर व्हायचं. चालू द्या."

पुढे लोक मोबाइलवरच बातम्या वाचायला लागले. पेपर वाळत गेला, पानं गळली, त्यांच्याबरोबर चौकटही गळली. काकांना वेबसाइटच्या टेबलावर बसवलं. समोर भिंतीवर भलामोठा पडदा. कोणती बातमी आत्ता किती जण वाचताहेत ते त्यावर दिसायचं. आकडे हिरवे असले की संपादक शीळ घालायचा. लाल झाले की, "बॉस, मरतेय ही! काहीतरी करा, बॉस!" संपादक काकांच्या मुलाच्या वयाचा. शिपायापासून मालकापर्यंत सगळेच त्याचे बॉस.

"आणि चुकलं तर?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"चुकलं तर बदलायचं, बॉस. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळत पण नाही."

काकांनी तोंडाने 'अरेरे' म्हटलं, पण आतून त्यांना जरा बरंच वाटलं. दिलगीर व्हायची कटकट गेली.

मग ती दुपार आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पाळणाघरात जेवणातून मुलांना विषबाधा झाली. काकांनी इस्पितळात फोन करून खात्री केली. मुलं सुखरूप होती, बातमी पक्की होती. फक्त फोटो नव्हता.

"फोटोशिवाय सिस्टिम बातमी घेत नाही, बॉस! बाकीच्यांची लागलीसुद्धा! कुठलंही पाळणाघर टाका, खाली 'संग्रहित' लिहा, विषय संपला!"

काकांनी जुने फोटो चाळले. पाळणाघराचा एकच निघाला. निळं दार आणि त्यावर रंगवलेला पिवळाधम्मक, ढेरपोट्या हत्ती. फोटो काकांनीच काढला होता, त्यांच्या ताईने पाळणाघर सुरू केलं त्या दिवशी.

त्यांनी तो ओळखला नाही असं नाही. चांगला ओळखला. बोट जरा अडखळलंसुद्धा. पण दारावर नाव कुठे दिसत होतं? शिवाय खाली 'संग्रहित छायाचित्र' लिहायचं होतंच. त्या दोन शब्दांच्या आडोशाला काकांची उभी हयात गेली होती. त्यांनी बटण दाबलं. पडदा हिरवागार झाला, संपादकाने शीळ घातली.

शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली एक गोष्ट काकांना ठाऊक नव्हती. बातमी ग्रुपवर पाठवली की फोटो जातो आणि मथळा जातो. फोटोखालची ओळ घरीच बसते.

सकाळी ताईचा फोन आला. ताई दिवसभर चिल्ल्यापिल्ल्यांत, त्यामुळे ती सगळ्या जगाशीच तशी बोलायची.

"उठलास? तोंड धुतलंस? मग नीट ऐक. तुमच्या पेपरात माझा हत्ती आलाय. विषबाधेच्या बातमीवर! सकाळपासून निम्म्या आयांचे मेसेज, 'ताई, आज नाही पाठवत.' ज्या गाढवाने हे केलं ना, त्याला शोधून काढ."

"बघतो," काका म्हणाले.

ऑफिसात जाऊन त्यांनी गुपचूप फोटो बदलला, इस्पितळाची इमारत लावली. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळलं नाही. पण ग्रुपांवर हत्ती गावभर फिरतच राहिला. त्याला परत कोण बोलावणार?

दुपारी काका पाळणाघरात गेले. पाटांवर ताटं मांडलेली, जेवायला मोजकी मुलं. बसायला मोठी खुर्ची नव्हती. मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसल्यावर त्यांचे गुडघे कानांना लागायला आले.

"फोटो तर तूच काढलेला," ताई म्हणाली. "तुझ्या खणातून कुणी लांबवला की काय? मेल्यांना लाज नाही."

"नाही," काका म्हणाले. "लाज नाहीच."

एवढ्यात एक वडील मुलीचं दप्तर न्यायला आले. ताई त्यांच्यापुढे ताठ उभी राहिली. "हा माझा भाऊ. त्याच पेपरात आहे. चुका दुरुस्त करायचं खातंच त्याच्याकडे. तो त्या माणसाला सोडायचा नाही!"

"सोडू नका हो काका," वडील अगदी हात जोडून म्हणाले.

"नाही सोडत." काकांनी मान डोलावली. खरं सांगायला तोंड उघडलं, पण नुसतं दप्तर उचलून त्यांच्या हातात दिलं. वडील दप्तर घेऊन गेले. पाठोपाठ काकाही उठले, कसेबसे, खुर्चीसकट.

ऑफिसात येऊन त्यांनी मथळा लिहिला, 'पाळणाघराची चूक नाही, चूक माझी'. सिस्टिमने फोटो मागितला. काकांनी मोबाइल स्वतःकडे वळवला आणि आपलंच थोबाड काढलं.

"बॉस, असं कुणी करत नाही!"

"फोटो आणि मथळाच जातो ना?" काका म्हणाले. "जाऊ दे मग."

लिंक सगळ्यांत आधी ताईला पाठवली आणि फोन बंद करून खिशात टाकला. फोनवर सांगायचीही छाती झाली नाही.

सकाळी दूधवाल्याने पिशवी आखडती घेतली. "काका, मुलांना खायला काय घातलंत हो?" इस्त्रीवाल्याने नुसतं बघितलं. मथळ्याखालची बातमी दोघांनीही उघडली नव्हती. खुलासा करायला काका थांबले नाहीत. कुणाला सांगणार, किती जणांना?

पाळणाघरात काही मुलं परतली होती, काही नव्हती. ताईने काकांकडे न बघता बुटक्या खुर्चीकडे बोट केलं. मुलं दंगा करतात तेव्हा ती विचारते तेच तिने विचारलं.

"केलंस तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"काल इथेच बसला होतास."

"हो."

ती रागावली असती तर काकांना सोसवलं असतं.

दारात कालचे वडील आले, मुलीचा हात धरून. काकांना बघताच त्यांनी मुलीला मागे ओढलं. "ताई, हा तोच ना?"

"तोच," ताई म्हणाली. आणि मग, "भाऊ माझा."

"आणि आज जेवण...?"

ताईने मुलांच्याच भांड्यातलं एक ताट वाढलं आणि काकांच्या गुडघ्यांवर ठेवलं. "आधी तू. सगळ्यांदेखत."

काका जेवायला लागले. दारात दोन आया येऊन थांबल्या. काकांनी दुसरा घास घेतला. वडिलांनी मोबाइल वर धरला, तशी काकांची मान आपोआप ताटात गेली.

"मान वर," ताई म्हणाली. "नीट बस. चेहरा दिसू दे."