ब्रेक पॅड बदलेपर्यंत

समस्त मराठीजनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजले. इथल्या अवोन्डेल उपनगरातल्या गॅरेजवाल्याने साडेतीनशे डॉलर सांगितले आणि मला तासभर बाकावर बसवले. हे महासंकट मी बायकोला फोनवर रंगवून सांगितले. फोन ठेवतो तोच शेजारचे कानटोपीवाले आजोबा माझ्याकडे सरकले.

"मराठी का तुम्ही? अहो, आपले सतरा हजार रुपये झाले की! लुटतात हो!"

त्यांचा मुलगा गाडी सर्व्हिसिंगला सोडून ऑफिसला गेला होता. परक्याच्या दारात गाडी एकटी कशी ठेवायची, म्हणून हे राखणीला बसले होते. डबा उघडून त्यांनी मला चिवडा दिला आणि बोलत सुटले. सांगलीची भाजीमंडई, दुखरे गुडघे, मराठी समजत असूनही इंग्रजीत उत्तरे देणारी नातवंडे. मध्येच ते माझ्या बाहीला हात लावत, मी अजून तिथेच आहे ना हे बघत असल्यासारखे.

मेकॅनिकने किल्ली आणून दिली. मी उठलो, तसा आजोबांचा चेहराच उतरला.

"अहो, मागचेही बदलून घ्या ना," ते जवळजवळ ओरडलेच, "पैसे मी देतो!"