खरखरता सूर

माझ्या मायचे कान कोयनेलनं नेले. बाबा तेव्हा एटापल्लीकडे लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होते आणि त्या जंगलात हिवताप घरच्यासारखा येऊन-जाऊन असायचा. माय तापानं फणफणली की कोयनेलच्या कडूजहर गोळ्या. ताप उतरायचा, पण कानात किरकिर मागे राहायची. बाबांनी मूलच्या धानगिरणीत नोकरी धरली आणि आम्ही तिथं राहायला आलो, तोवर ती किरकिरही थांबली होती. मायला काहीच ऐकू येत नव्हतं.

कान गेले म्हणून माय फारशी रडली नाही. रडले ते बाबा, आणि तेही गिटारसाठी. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. बल्लारशाच्या एका रेल्वेबाबूनं बदली होऊन जाताना ती बाबांना दिली होती. रोज संध्याकाळी बाबा ओसरीत वाजवायचे, माय सुपात तांदूळ पाखडत ऐकायची. नुसती ऐकायची नाही, चुका काढायची. "तिसरी तार उतरली हाये," असं तिनं म्हटलं की बाबा चिडायचे, आणि तार खरंच उतरलेली असायची. आता तार कितीही उतरो, सुपाचा आवाज तेवढा चालू. अशानं वाजवणाऱ्याचं मन कसं लागणार? एकदा तरी हिला गिटार ऐकू यावी, एवढाच ध्यास त्यांनी घेतला.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक आवाज मोठा करणारा चिमुकला भाग, ही नवलाई मुंबईत पोचली होती, मूलमध्ये ती कोणी पाहिली नव्हती. बाबांचे एक मित्र रेल्वेत गार्ड होते. त्यांनी मुंबईहून कुठल्याशा मोडक्या यंत्रातले तीन ट्रान्झिस्टर आणून दिले. काळ्या रंगाच्या काचेचे, शेंगदाण्याएवढे, प्रत्येकाला तीन बारीक पाय. आत जर्मेनियम नावाचा धातू असतो, असं बाबा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे, जणू तो यांनीच खणून काढला होता.

मग आमच्या घराचा कारखाना झाला. जुन्या टेलिफोनच्या कानातलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं काढून बाबांनी ते गिटारच्या तारांखाली बसवलं. चहाच्या रिकाम्या डब्यात एक ट्रान्झिस्टर, बाहेर बॅटरीचे सेल आणि दुसऱ्या टोकाला लष्कराच्या भंगारातला कानावर चढवायचा फोन. डाग द्यायला विजेचं हत्यार कुठून असणार? चुलीत लाल केलेली तांब्याची सळई आणि कथील. माय भाकरी थापत असताना हे तिच्या निखाऱ्यांत सळई खुपसायचे. "माही चूल हाये का लोहाराची भट्टी?" ती ओरडायची. स्वतःला ऐकू येत नसल्यानं फार मोठ्यानं ओरडायची.

सळई फार तापली होती. ट्रान्झिस्टरच्या पायांना आच सोसत नाही, हे बाबांना ठाऊक नव्हतं. डबा जोडून त्यांनी आधी फोन स्वतःच्या कानाला लावला, तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. आवाज फाटलेला होता. गोड, लांब सूर निघायच्या जागी खरखर, भुंगा डबीत कोंडल्यासारखी. तरी त्यांनी फोन मायच्या डोक्यावर चढवला आणि कांडी सरकवली.

मायच्या हातातलं सूप खाली पडलं. "अवो, आलं! मले ऐकू येऊन राह्यलं!" बाबा थांबले तर तिनं त्यांचा हात धरून तारांवर ठेवला. "बंद नोका करू. वाजवा." त्या संध्याकाळी बाबांनी त्यांना येत होतं तेवढं सगळं वाजवलं. तांदूळ ओसरीभर सांडले होते आणि ते कोणी उचलले नाहीत. आमच्या घरात इतका आनंद मी त्यानंतर पाहिला नाही.

तिथंच थांबायला काय झालं होतं? पण बाबांना बेसूर खपत नसे. भाजीवालीची आरोळी चढी लागली तरी यांच्या कपाळाला आठी. माझी गिटार हिनं अशी फाटकी ऐकायची? दोनच दिवसांत त्यांनी भाजलेला ट्रान्झिस्टर उपटून केरात टाकला. दुसरा लावताना पायाला ओलं फडकं धरलं, सळई बेताची तापवली. आवाज स्वच्छ, गोड निघाला. मायनं फोन कानावर घेतला, मान डोलावली आणि म्हणाली, "आता छान येते."

रोज संध्याकाळी ती मान डोलवायची. एके दिवशी बाबांनी सेल घासायला काढले आणि लावायचेच विसरले. अर्धं गाणं झाल्यावर ते त्यांना गिटारशेजारी पडलेले दिसले. माय डोळे मिटून डोलत होती.

बाबांनी हळूच तिच्या कानावरून फोन काढला आणि सेल तिच्यापुढं धरले. माय खाली पाहत म्हणाली, "तुमी एवढी मेहनत केली. नाई कशी म्हणू? तो पयला खरखर आवाज येत होता. हा नाई येत." फाटक्या आवाजाला जी धार होती, ती या गोड आवाजाला नव्हती.

बाबा तसेच अनवाणी उकिरड्याकडे गेले. उकिरडा होताच कुठं? वैशाख सरत आला होता. पेरणीआधी गावात सगळ्यांचं खत बैलबंड्यांत भरून बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, जातं, तसं आमचंही गेलं होतं. ज्याच्या बांधीत गेलं, तिथं जाऊन बाबा खताचे ढीग हातानं उपसत राहिले. तो शेतकरी बिचारा विचारत होता, "भाऊ, सोनं हरपलं का?" बाबा पुढचा ढीग उपसायला घ्यायचे. रिकाम्या हातानं परतले.

मग त्यांनी डब्यातला चांगला ट्रान्झिस्टर मुद्दाम भाजला. तो नुसताच मेला. उरलेला तिसरा जपून, फडकं धरून भाजला. तोही मेला. चुकून जे साधलं, ते ठरवून साधेना. नवे मागवायचे तर गार्डकाकांची बदली झाली होती. बाबांनी डबा फळीवर ठेवून दिला आणि गिटारला हात लावणं सोडलं. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्यांचे खत उपसून सोललेले हात पाहिले की रडू यायचं. दोन्ही अजून होतं.

पावसाळ्यात एका संध्याकाळी माय तांदूळ पाखडत होती आणि तिच्या मिटल्या ओठांतून, दातांमागून एक आवाज येऊ लागला. खरखर. डब्यातला तोच फाटका आवाज, तीच पहिल्या दिवशीची चाल. सूर वर-खाली होत होता, पण चाल जागच्या जागी होती. दोन दिवस ऐकलेलं तिनं आत जपून ठेवलं होतं.

बाबा दारात ऐकत उभे राहिले. मग त्यांनी खुंटीवरची गिटार काढली, तिच्या पाठीमागं येऊन बसले आणि तारा उतरवून तिच्या बेसूर पट्टीला जुळवून घेतल्या. पुढं कितीतरी वर्षं ती गुणगुणायला लागली की ते असेच मागं बसून साथ करायचे. तिनं वळून कधी पाहिलं नाही. मागं गिटार वाजते आहे, हे तिला कधी कळलंच नाही.