आप्पांचा फौजी नंबर

आता माझी फजिती म्याच माझ्या तोंडानं सांगायची म्हंजी… आधी चहा घ्या. आन् हसायचं ते शेवटी हसा. मधीच हसलात तर उठून जाईन, सांगून ठेवतो. आधीच टाळकं फिरलेलं हाय.

तर आमचं गाव भांडगावाशेजारी. पोरांनी ठरवलं, चौकात फौजी लोकांच्या नावाचा दगड बसवायचा. नाव, आन् त्याखाली ज्याचा त्याचा फौजी नंबर. आमचे वडील, आप्पा, फौजेत हुते. आजा अचानक गेला म्हणून नोकरी अर्ध्यात सोडून आले, त्यामुळं पेन्शन न्हाई का काय न्हाई. कागदं हुती ती वाळवीनं खाल्ली. आता आप्पाबी न्हाईत.

कमिटीवाला म्हणतो कसा, "नंबर न्हाई तर नाव न्हाई."

"आरं, आख्ख्या गावानं माझ्या बापाला वर्दीत बघितलंय!"

"बघितलंय व्हय, पर उद्या कुणीबी उठंल आन् म्हणंल माझा बाप फौजी हुता."

ऐका! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याची गचांडीच धरणार हुतो, पर आवरलं आन् घरी येऊन आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्या दगडावर ह्यांचं नाव न्हाई लागलं, तर म्या त्या चौकात पाय टाकायची न्हाई." आप्पा गेले तवा चारचौघांत रडली न्हाई ती बाई, त्या दिवशी पदर डोळ्याला लावला. मग काय करता?

गेलो दौंडला, फौजी लोकांच्या हापिसात. खुर्चीत एक रिटायर हवालदार.

"नंबर सांगा."

"तोच तर न्यायला आलोय!"

"नंबराबिगर रेकॉर्ड कसं काढायचं? ह्या नावाचे ढिगानं निघतील."

"म्हंजी नंबर पायजे असंल तर आधी नंबर आणायचा? वा रं कारभार!"

तिकडं घरी दुसरंच लफडं. विहिरीवरची लाईट गेलेली. शेवंती ऐन भरात आन् पाणी न्हाई. लाईटीच्या हापिसात फोन केला की तिथली बाई म्हणायची, "तुमचा ग्राहक नंबर चुकीचाय." चुकीचा? आमच्या स्टार्टरच्या पेटीवर आप्पांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात लिहून ठेवलाय! शेवटी इंग्रजीतला एल. एल म्हंजी लाईट, शेंबड्या पोराला कळतंय! त्या बाईला काय काय बोललो, ते तुमच्यापुढं सांगण्यासारखं न्हाई.

म्हंजी बघा, एका हापिसाला नंबर पायजे तर माझ्याकडं न्हाई, आन् दुसऱ्याला देतोय तर त्यांना पटंना. माणसानं डोकं कुठं आपटायचं?

परत दौंड. लायनीत समदे म्हातारे फौजी. माझी पाळी आली तसा हवालदाराच्या टेबलावर हात आपटला. "माझा बाप बर्फात उभा ऱ्हायला, आन् तुम्ही हितं पंख्याखाली बसून…"

तेवढ्यात फोन वाजला. लाईटीवाली बाई!

"दादा, तुमची तक्रार नोंदवताच येईना. नंबर जरा नीट सांगता का?"

संपलं! भडकाच उडाला माझा. "घ्या लिहून!" म्हणलं, आन् खिडक्या हादरतील अशा आवाजात एकेक आकडा सांगितला. "आन् शेवटी एल! लाईटीचा एल!"

मागच्या म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, आकडे आन् शेवटी इंग्रजी अक्षर, हा तर फौजी नंबर हाय. कुणाचा सांगतुयास?"

"कुणाचा म्हंजी? आमच्या मोटरीचा!"

हवालदारानं आकडे कंप्युटरात टाकले आन् स्क्रीन माझ्याकडं फिरवली. आप्पांचं नाव. खाली आज्याचं नाव. आमचं गाव.

फोनमधनं बाई वरडतीय, "हॅलो? दादा?"

"ताई, माफ करा," म्हणलं. "ह्यो नंबर तुमचा न्हाई. आमच्या वडलांचा हाय."

मग काय हसली हो ती लाईन! एक म्हातारा तर काठी टाकून खाली बसला. "आरं, फौजी माणूस आपल्या सामानावर नंबर टाकतोच. पेटी म्हणू नको, चहाचा मग म्हणू नको. घरी आला तरी हाताची सवय जाती व्हय?"

हवालदारानं शिक्का मारून कागद दिला. दगडाचं काम झालं. म्याबी उगं हसल्यागत केलं आन् पायाला पाय लावून पळालो.

पर राग कुठं जातोय? घरी आलो, आईनं चहा दिला, तसा तिच्यावरच घसरलो. "आप्पा सामानावर फौजी नंबर लिहायचे, तुला ठावं हुतं?"

"व्हय की. बादलीच्या बुडाला हाय, टिकावाच्या दांड्यावर हाय. तू चहा पितुयास त्या मगाच्या खाली हाय."

बघायला मग उलटा केला. समदा चहा मांडीवर!

"मग सांगायचं न्हाई व्हय गं? म्या गावभर बोंबलत हिंडतोय!"

"तू कुणाला बोलू देतुयास का?" आई म्हणाली. "आन् मला वाटलं तुला ठावं असंल. जत्रंत हरवू नये म्हणून तुझ्या दंडावर पण लिहायचे ते. तूच घरी आल्या आल्या साबण लावून घासून काढायचास."