काळ्या मातीच्या विटा

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, आपल्या काळ्या जमिनीचा भारी गर्व. भोकरदनकडं सगळं गाव कच्च्या विटांना पांढरी माती वापरतं. मामा म्हणाले, जी जमीन घर पोसते ती घर उभंही करील. शेतातली माती बैलगाडीत भरून आणली, भुसा कालवला आणि साच्यातून स्वतः विटा पाडल्या. वाळताना विटा तडकल्या, तरी भेगा बुजवून घराची मागची भिंत त्याच विटांनी रचली. समजवायला आलेला शेजारी शिव्या खाऊन परत गेला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. भादव्यात झड लागली ती उघडेना. काळी माती पाणी पिऊन फुगते, हे काय शेतकऱ्याला कुणी सांगावं लागतं? पण हट्टापुढं शहाणपण चालत नाही. एका दुपारी त्या भिंतीचा गिलावा सुटला आणि तिला बुडाशी पोट आलं. आम्ही लेकरं आणि भांडीकुंडी शेजारच्या गोठ्यात हलवली. मामा मात्र आत जाऊन त्याच भिंतीला पाठ लावून बसले. नवऱ्यानं विनवण्या केल्या, सासूबाई रडल्या. मामांचं एकच, माह्या हातची भिंत पडायची न्हाई.

वरून मातीची ढेकळं निसटायला लागली. मला राग असा आला होता की विचारू नका. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलत नसे, हात धरणं तर लांबच. मी आत गेले आणि त्यांचं मनगट धरलं.

"मामा, उठा. भिंत पडली तर पुन्हा बांधू. तुमाला कोन्त्या साच्यातून काढू?"

त्यांनी वर बघितलं. वाटलं, आता हात झटकतील. पण उठले. गोठ्यापाशी पोचतो न पोचतो तोच भिंत आतल्या अंगाला बसली आणि वरचे पत्रे लोंबकळले. आवाज फार मोठा नव्हता, ओलं पोतं आपटावं तेवढाच. मामा ज्या जागी बसले होते तिथं चिखलाचा ढीग झाला होता.



"जीव वाचला," मामा हळूच म्हणाले, "पन गावाला आता कोन्तं तोंड दाखवू?"

त्यांचं मनगट मी अजून सोडलं नव्हतं.

"हेच दाखवा, मामा. आमाला तेवढं एकच हाये."