म्हशीच्या पाठीवर सातचा पाढा

आमच्या शिक्षणाच्या पंधरवडी पेपरात छापून आलं की ते खरं होतं. आधी ते कितीही खोटं असो. उमरी तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी हे स्वतः भोगलंय.

हेडमास्तरांकडे त्या पेपरचे जुने गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले. मोबाइल नव्हते तेव्हा शाळेत नवं काय करायचं ते त्यातूनच कळायचं, असं ते अभिमानानं सांगत. कुठल्याशा शाळेनं भिंतींवर नकाशे रंगवले, पेपरात आलं, की सगळ्या तालुक्याच्या भिंती रंगल्या. कुणी तक्रारपेटी लावली, की महिन्याभरात घरोघरी गणपती बसावा तशी शाळोशाळी पेटी. आमच्या पेटीत आजवर एकही तक्रार पडली नाही. पाली मात्र सुखानं नांदतात.

आता तोच पेपर व्हॉट्सॲपवर येतो, पण दरारा तोच.

त्या वर्षी आमचा फळा पावसात फुगला. तीन अर्ज केले, उत्तर नाही. माझं डोकं फिरलं. पेपरला सणसणीत पत्र लिहिलं: ‘फळा मिळत नसेल तर आम्ही गावातली म्हैस आणतो आणि तिच्या पाठीवर पाढे लिहितो. म्हैस काळी असते, रुंद असते आणि अर्जाशिवाय मिळते.’ टोमणा होता हो तो! शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. पण संपादकांनी ते ‘कल्पक शिक्षक’ या सदरात छापलं, माझ्या फोटोसकट.

चार दिवसांत केंद्रप्रमुखांचा फोन. लातूर जिल्ह्यातले दहा शिक्षक हा उपक्रम बघायला येणार होते.

"सर, तो टोमणा होता," मी हेडमास्तरांना म्हटलं.

"म्याडम, आता म्हैस पायजेच," ते म्हणाले. मग दार लोटून घेत हळू आवाजात म्हणाले, "शाळा बंद करायच्या यादीत आपण हाव. वीस लेकरं पायजेत, अठराच हायती. पेपरात नाव झालं तर कदाचित वगळतील."

शाळा बंद झाली असती तर त्या अठरा जणांना ओढा ओलांडून तीन किलोमीटर जावं लागलं असतं. मुली तर गेल्याच नसत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

गावात शांत म्हैस एकच, आणि तिची मालकीण माझी हाडवैरी. शाळेच्या कुंपणाला गोवऱ्या थापते म्हणून आमची रोज जुंपायची. पदर खोचून गेले.

"मावशी, म्हैस द्या एक दिवस."

"कशाला? तुमच्या जागी शिकवाया?"

पेपरात फोटो येईल म्हटल्यावर मात्र बाई विरघळली. फोटोत चमकावी म्हणून तिनं म्हशीला डोक्यापासून शेपटीपर्यंत तेल चोपडलं. आता तेलावर खडू उठतो काय! पाहुणे फाटकात येऊन ठेपलेले, मी म्हैस पुसून राहिले, हेडमास्तर चुना कालवून राहिले. शेवटी ब्रशनं सातचा पाढा लिहिला.

पोरं मोठ्यानं म्हणू लागली. सात एके सात, सात दुणे चौदा. पाहुणे मोबाइल धरून उभे. सात चोक अठ्ठावीसला म्हैस उठली. सकाळपासून उन्हात ताटकळलेली, ती निघाली थेट तळ्याकडे. ‘पाढा बघूनच म्हणायचा, नजर हलवायची नाही,’ असं मीच पोरांना बजावलं होतं. त्यामुळे अठराच्या अठरा तिच्यामागं पाढा म्हणत पळाली. त्यांच्यामागं पाहुणे. सगळ्यांच्या मागं मी, चप्पल हातात घेऊन.

म्हैस पाण्यात बसली. चुना विरघळला, पाढा तळ्यात गेला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण पोरं काठावर उभी राहून म्हणतच राहिली, एकही आकडा न चुकता, थेट सात दाहे सत्तरपर्यंत. अरे देवा, किती गोड दिसत होती पोरं!

पुढच्या अंकात ‘फिरता फळा’ म्हणून अर्धं पान आलं. हेडमास्तर ते कात्रण घेऊन तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात गेले आणि उतरल्या चेहऱ्यानं परत आले. साहेब म्हणाले होते, "कात्रण छान आहे. पण आम्ही डोकी मोजतो."

आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो होतो. चहा समोर निवत होता. तेवढ्यात म्हशीची मालकीण आली. दोन्ही हातांत दोन नातवंडं, दोघांच्या गळ्यात इंग्रजी शाळेचा टाय.

"घ्या ह्यांची नावं," ती म्हणाली.

"अहो मावशी, ह्यांना तर पिवळी गाडी न्यायला येते ना?"

"येती की. दोन वर्सं झाली, सातचा पाढा येईना. त्या दिशी तळ्यावर सगळ्या गावाची लेकरं म्हणत हुती, अन् ही दोघं तोंडाकडं बघत हुती. लाज वाटली मला." मग टाय सोडता सोडता माझ्यावर डाफरली, "आता बघत काय बसल्या? लिवा!"

मी रजिस्टर ओढलं आणि मान खाली घालूनच एकोणीस आणि वीस लिहिलं. माझे डोळे त्या बाईला दिसले असते, तर तिनं जन्मभर ऐकवलं असतं.