त्साओमामाचा उरलेला पाय

माझा मामा त्साओ एकवीस वर्षांचा असताना चीनच्या छिन राजवटीने त्याचा डावा पाय घोट्यातून तोडला. गुन्हा एवढाच, की नदीला पूर आला आणि तो वेठबिगारीवर तीन दिवस उशिरा पोचला. मग त्यालाच गावाच्या वेशीवर पहारेकरी बसवलं. लंगडा कुठे पळून जाणार?

सोळा वर्षं तो तिथे बसला. अंमलदाराची गाडी आत शिरली की धुरळा बसेपर्यंत थांबायचा, मग थुंकायचा.

सोळाव्या वर्षी पावसाळ्यात बातमी आली: दलदलीत अडकून उशीर झालेल्या नऊशे वेठबिगारांनी आपल्याच अधिकाऱ्यांना मारून बंड पुकारलंय. महिन्याभरात त्यांची एक टोळी कुदळी, टोकदार बांबू घेऊन आमच्या वेशीशी आली. शिपाई पळाले. अडसर मामाने काढला.

टोळीचा म्होरक्या फान शेजारच्या गावचा कुंभार. आल्याआल्या त्याने सरकारी कोठार उघडलं. आम्ही पोटभर बाजरी खाल्ली. अंमलदार डुकरांच्या खुराड्यात सापडला, त्याला लोकांनी तिथेच ठेचलं. मामा तिकडे फिरकला नाही.

पंधरा दिवसांत फानने त्या मेलेल्याचा रेशमी झगा अंगावर चढवला. गळ्याशी चरबीचे डाग तसेच होते. मग लोकांनी गुडघे टेकायचे. मग पूर्वीसारखेच दहा-दहा घरांचे गट, एकाने दुसऱ्याची चुगली करायची.

लिआन नावाचा विणकर फानच्या सैन्यात दोन दिवस उशिरा हजर झाला. बायको बाळंतपणात अडली होती. फानने सरकारच्या जुन्याच पाय तोडणाऱ्याला बोलावलं आणि मामाला म्हणाला, "याचे पाय तू धर. कुठे धरायचं ते तुला ठाऊक आहे."

मामा तिथेच ओकला. तोंड पुसत म्हणाला, "फान, तुझ्या अंगाला त्या मेल्याचा वास येतोय रे."

"साहेब म्हण."

"गेल्या साली तुझं मडकं गळलं म्हणून तुला शिव्या घातल्या होत्या मी. साहेब कुठला?"

आणि खुरडत जाऊन त्याने आपला धड पाय समोरच्या ओंडक्यावर ठेवला. "याचा राहू दे. हा घे. अजून एक आहे माझ्याकडे."

 पाय तोडणाऱ्याने हत्यार खाली ठेवलं. "माझ्याच्याने नाही व्हायचं," एवढंच बोलला आणि घरी निघून गेला. सगळं गाव बघत होतं. फानने लिआनला सोडलं आणि त्या दिवसापासून मामाकडे बघणं टाकलं.

हिवाळ्यात छिन सैन्य परत आलं. फान आदल्या दिवशीच पसार झाला होता. बंडात कोण कोण होतं, असं सैनिकांनी मामाला विचारलं.

"मी वेशीवर बसायचो. माणसांचे पाय दिसायचे, तोंडं नाही."

दोन दात पडेपर्यंत मारलं. नाव एकही निघालं नाही.

पुढे छिन घराणं बुडालं. नव्या अंमलदाराने मामाला पुन्हा वेशीवर बसायला बोलावलं, तेव्हा तो ओसरीवर सोयाबीनच्या शेंगा सोलत होता. निरोप्याकडे न बघता म्हणाला, "तुमची वेस तुम्हीच राखा."

तो आणखी अकरा वर्षं जगला. दर हिवाळ्यात लिआन त्याच्यासाठी सरपण फोडून द्यायचा.